चिमटीतली रांगोळी आणि पेशीतले तंतू

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना फळ्यावर काढलेल्या आकृत्या इथे देता आल्या नाहीत, म्हणून दोन-तीन ठिकाणी वाक्यं वाढवली आहेत.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इतकी वर्षं काय केलंस ते वीस मिनिटांत सांग, आणि आम्हाला कळेल असं सांग." मी पेशीतल्या तंतूंवर काम केलं आणि तेच शिकवलं. तंतू म्हणजे प्रथिनांचे, पेशीच्या आतले, डोळ्यांना न दिसणारे धागे. माझ्या सासूबाई मात्र सगळ्यांना सांगायच्या की आमची सून दोऱ्यांवर काहीतरी करते. त्यामुळे आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांची अजून समजूत आहे की मी सूतगिरणीत होते.

पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. आपल्या वर्गातली एक मैत्रीण. गॅदरिंग असो की पंधरा ऑगस्ट, शाळेच्या दारात ठिपक्यांची रांगोळी तिचीच असायची. दोन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषध, आठवड्याला एक असे बारा डोस. पाचव्या डोसनंतर तिचा फोन आला. म्हणाली, "अगं, बोटांना मुंग्या येतात. चिमटीत काही धरलंय की नाही तेच कळत नाही. औषध गाठीसाठी दिलंय ना, मग बोटांना काय झालं? तू हेच शिकवतेस, तू सांग."

मी म्हटलं, "होतं गं तसं. औषध संपलं की जाईल." आणि मुलांची चौकशी करून फोन ठेवला.

तिला दिलेलं औषध ज्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्या प्रथिनावर मी अठ्ठावीस वर्षं तास घेतले आहेत. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवरच माहीत होतं. दिलं नाही, कारण मला भीती वाटली. उत्तर दिलं तर ती पुढचे प्रश्न विचारेल आणि त्यांतल्या काहींना "हो" म्हणावं लागेल, याची. ती आत्ता दुसऱ्या रांगेत बसली आहे. हे सगळं सांगू का म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, "नाव घेऊ नकोस, बाकी सांग. आणि मलाही कळेल असं सांग."

तर आधी नववीचा विज्ञानाचा तास आठवा. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, तो कुलपाच्या कपाटात. सरांनी तळ्यातून हायड्रिलाची पानं आणली होती. एकेकाने येऊन डोळा लावायचा. विटांसारख्या पेशी आणि त्यांच्या कडेकडेने हिरवे ठिपके एकामागून एक फिरताहेत, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. तेव्हा आपल्यातल्या एकाने विचारलं होतं, "सर, ह्यांना ढकलतं कोण?" हा प्रश्न विचारणारा नंतर एसटीत लागला आणि परवाच निवृत्त झाला. सर म्हणाले होते, "जीवद्रव्य वाहतं, त्याबरोबर ते वाहतात." पुस्तकात तसंच होतं. पुस्तकातली पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, मध्ये केंद्रक आणि बाकी सगळं तरंगतंय.

सर, ती पिशवी रिकामी नव्हती. तिच्यात आधीपासूनच वाटा घातलेल्या होत्या. त्या हिरव्या ठिपक्यांना जी गती होती, ती ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंवरून चालणाऱ्या मायोसिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनामुळे. वाहणं खरं, पण ते नदीसारखं नाही. रस्ता आहे आणि रस्त्यावर ओढणारा आहे. एसटीतल्या मित्राला हे उत्तर चाळीस वर्षं उशिरा मिळतंय.

असे तंतू आपल्या पेशींत मुख्यतः तीन जातींचे. सगळ्यांत बारीक ॲक्टिनचा, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा. मधल्या जाडीचे, सुमारे १० नॅनोमीटरचे. आणि सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटरच्या, आतून पोकळ. आपला एक केस जेवढा जाड, तेवढ्या जागेत सुमारे ३,००० सूक्ष्मनलिका शेजारी शेजारी मावतील. ह्या तिन्हींना मिळून पेशीचा सांगाडा म्हणतात. मला तो शब्द फारसा आवडत नाही. हाडांचा सांगाडा जागच्या जागी राहतो. हा सांगाडा मिनिटामिनिटाला मोडतो आणि पुन्हा उभा राहतो.

ॲक्टिनची गोष्ट हंगेरीतली, महायुद्धाच्या काळातली. सेगेड नावाच्या गावात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांची प्रयोगशाळा होती. 'क' जीवनसत्त्वावरच्या कामासाठी त्यांना १९३७ मध्ये नोबेल मिळालं होतं. त्यांनी सशाच्या स्नायूतून प्रथिन काढलं, त्याचे धागे केले आणि त्यावर पेशीतलं ऊर्जेचं चलन, म्हणजे एटीपी, टाकलं. धागे डोळ्यांदेखत आखडले. जिवंत स्नायू नाही, प्राणी नाही, नुसतं काचेवरचं प्रथिन, आणि तेही हलतंय! त्यांच्याकडच्या ब्रुनो स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये दाखवलं की त्यात मायोसिनबरोबर आणखी एक प्रथिन आहे, तेच ॲक्टिन. पुढे १९५४ मध्ये हक्सली आडनावाच्या दोघांनी, जे एकमेकांचे कोणीही नव्हते, आपापल्या सहकाऱ्यांबरोबर वेगवेगळं दाखवून दिलं की स्नायू आखडतो तेव्हा तंतू आखूड होत नाहीतच, ते एकमेकांवरून सरकतात. दोन हातांची बोटं एकमेकांत घालून आत सरकवा, तसं. एटीपी संपलं की मायोसिनची पकड सुटत नाही. माणूस गेल्यावर काही तासांत देह ताठ होतो, तो यामुळे.

मधल्या जाडीच्या तंतूंवर मी कमी बोलणार आहे, त्यांच्यावर खरं तर वेगळं भाषण होईल. ते दोरखंडासारखे असतात, ताण सोसायला. त्वचेतलं, केसांतलं, नखांतलं केराटिन त्यांतलंच. केराटिनच्या दोन जनुकांपैकी एकात बिघाड असलेल्या मुलांना नुसतं घासलं तरी अंगावर फोड येतात. केंद्रकाला आतून अस्तर असतं तेही ह्याच घराण्यातल्या लॅमिनचं. 'पा' चित्रपटात अमिताभने केलेला लहानपणीच म्हातारा दिसणारा मुलगा आठवतो? तो आजार, प्रोजेरिया, लॅमिनच्या जनुकातल्या बदलामुळे होतो. हे २००३ मध्ये समजलं.

आता सूक्ष्मनलिका. मैत्रिणीच्या बोटांचा प्रश्न इथे येतो.

दहावीच्या पुस्तकात पेशीविभाजनाची आकृती होती. गुणसूत्रं मधोमध ओळीत, आणि दोन टोकांकडून त्यांच्याकडे आलेल्या रेषा. रेषांचं नाव तर्कूतंतू. आपण ते पाठ केलं आणि दोन गुण मिळवले. तर्कू म्हणजे टकळी! प्राथमिक शाळेत आपण पेळू घेऊन बसायचो, सूत तुटायचं आणि बाई टपली मारायच्या, तीच टकळी. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळती, अशा आकारावरून ते नाव. त्या रेषा म्हणजे सूक्ष्मनलिका.

त्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बनतात. ट्युब्युलिनचे जोडीजोडीने असलेले दाणे एकावर एक चढून सर होतो आणि असे साधारण तेरा सर गोलाकार चिकटून नळी होते. नळी टोकाला वाढत जाते. वाढताना टोकाशी जीटीपी नावाचं ऊर्जाद्रव्य धरलेले ताजे दाणे असतात, तोवर ती टिकते. ताज्या दाण्यांची ती टोपी गेली, की नळी भराभर उसवत मागे जाते. मग पुन्हा वाढते, बहुतेक वेळा दुसऱ्याच दिशेला. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं, तेव्हा मी बारावीत होते. एम.एस्सी.ला आल्यावर त्यांचा लेख वाचला आणि माझं पुढचं ठरलं.

हा खटाटोप कशासाठी? तर शोधण्यासाठी. पेशीला डोळे नाहीत. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं कुठे आहेत हे नळीला माहीत नसतं. मग आंधळी कोशिंबीर. एका बाजूला हात लांब करायचा, काही लागलं नाही तर मागे घ्यायचा, दुसरीकडे करायचा. गुणसूत्रावरची ठरावीक जागा हाताला लागली, की नळी तिथे घट्ट होते. प्रत्येक गुणसूत्र दोन्ही बाजूंनी धरलं गेलं की मगच पेशी त्यांची वाटणी करते. हात मागे घेता आला नाही, तर हा खेळ चालणारच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ट्युब्युलिनला धरणारी विषं वनस्पतींनी फार पूर्वीच तयार करून ठेवली आहेत, आणि त्यांतल्या दोन आपण रोज पाहत होतो. शाळेमागच्या टेकडीवर श्रावणात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं यायची ती कळलावी. "हात लावू नका, विषारी आहे" असं शिपाईमामा ओरडायचे. ते बरोबर होतं. तिच्यात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन असतं. ते ट्युब्युलिनच्या दाण्याला चिकटलं की नळी बांधलीच जात नाही, विभाजन अर्ध्यावर थांबतं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६ आहेत हे १९५६ मध्ये नक्की झालं, ते पेशींना कोल्चिसिन देऊन विभाजनाच्या मध्यावर थांबवून मोजली तेव्हा. त्याआधी कित्येक वर्षं सगळी पुस्तकं ४८ म्हणत होती. हेच कोल्चिसिन फार थोड्या मात्रेत गाऊटवर देतात. आपल्यातले तीन-चार जण ते घेत असतील, काल जेवताना कोण डाळ टाळत होतं ते मी पाहिलं. म्हणून कोणी कळलावीचा कंद उगाळू नका. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा ह्यांत अंतर फार कमी आहे.

दुसरी सदाफुली. ध्वजस्तंभाभोवती होती, अजूनही आहे. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन निघतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन १९६० च्या दशकापासून वापरात आहे. तेही नळी बांधू देत नाही.

तिसरं झाड आपल्याकडचं नाही, पण त्याच्या गोष्टीत नंदुरबारचा माणूस आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते अमेरिकेत गेले आणि इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. तिथून नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, अमेरिकन सरकारची माणसं कॅन्सरवर काही मिळतं का म्हणून हजारो झाडांचे नमुने गोळा करत होती. वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल आली. लाकूडतोडे ह्या झाडाला टाकाऊ समजत. त्या सालीतून वॉल आणि वाणी यांनी एक द्रव्य वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ते टॅक्सॉल. आज पॅक्लिटॅक्सेल म्हणतात, आपल्या मैत्रिणीच्या सलाईनच्या बाटलीत तेच होतं.

पुढची काही वर्षं त्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. सालीत ते अत्यल्प, साल काढली की झाड मरतं, आणि पाण्यात ते विरघळत नाही. शिवाय विभाजन थांबवणारी औषधं हाताशी होतीच, हे आणखी एक, असा समज. न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं की हे आणखी एक नाही, हे उलटं आहे. सदाफुलीचं औषध नळी बांधू देत नाही. टॅक्सॉल बांधलेली नळी मोडू देत नाही. परिणाम एकच, कारण मघाचा खेळ दोन्हींनी बंद पडतो. एकात हात पुढेच जात नाही, दुसऱ्यात पुढे गेलेला मागे येत नाही. गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि पेशी मरते. अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला १९९२ मध्ये परवानगी मिळाली, नंतर स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरसाठीही. पुढे यूच्या पानांतल्या एका द्रव्यापासून ते करता येऊ लागलं आणि झाडं मारणं थांबलं. वाणी २०२० मध्ये गेले, पंच्याण्णव वर्षांचे होऊन. नंदुरबारच्या किती शाळांत त्यांचं नाव सांगतात, हे एकदा जाऊन बघायचं माझ्या मनात आहे.

औषध गाठीतली पेशी आणि चांगली पेशी असा भेद करत नाही. जिथे विभाजन जोरात, तिथे तडाखा जास्त. केसांच्या मुळाशी विभाजन जोरात, म्हणून केस जातात. ते परत येतात, कारण मुळाशी राखीव पेशी असतात. हिचेही आले, आणि पूर्वीपेक्षा कुरळे आले.

पण बोटांचं काय? मज्जापेशी तर विभागतच नाहीत. मग त्यांना का त्रास व्हावा?

कारण सूक्ष्मनलिकांना दुसरंही एक काम आहे, आणि मज्जापेशीत ते सगळ्यांत मोठं आहे. पायाच्या अंगठ्याची संवेदना आणणारी जी पेशी, तिचं मुख्य शरीर कमरेजवळ कण्याच्या शेजारी असतं. तिथून एकच धागा, सुमारे मीटरभर लांब, अंगठ्यापर्यंत जातो. बहुतेक प्रथिनं वर, कमरेशी बनतात, लागतात मात्र खाली अंगठ्याशीही. ती पोहोचवायला धाग्याच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ आहेत. त्यांवरून कायनेसिन नावाचं प्रथिन ओझं घेऊन चालतं, एका पावलाला ८ नॅनोमीटर. अंगठ्याकडून परत येणारा माल डायनिन आणतं. जलद मालाचा वेग दिवसाला साधारण ४०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत अडीच दिवस. एसटीच्या मित्राने आत्ता मान हलवली, त्याला वेळापत्रक समजलं.

टॅक्सॉल मेंदूत सहसा शिरत नाही, तिथे रक्तवाहिन्यांचा पहारा कडक असतो. कण्याशेजारच्या ह्या पेशींना तसा पहारा नाही. औषध आत जातं, नलिका ताठरतात, त्यांचे जुडगे होतात, वाहतूक विस्कळीत होते. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांनाही इजा होते. मग सगळ्यांत लांब धाग्याचं सगळ्यांत लांबचं टोक आधी उपाशी पडतं आणि मागे मागे वाळत येतं. म्हणून पायांची बोटं, तळवे, मग हातांची बोटं. मोजे आणि हातमोजे घालतो तेवढाच भाग. सदाफुलीच्या औषधानेही असंच होतं. मधुमेहातही सुरुवात अशीच पायांच्या टोकापासून होते, कारणं वेगळी असली तरी. तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या बोटांना काही झालं नव्हतं, बोटांकडे येणाऱ्या लांबच्या रस्त्याला झालं होतं.

आणि आता जे मी टाळलं ते. हिने मुंग्या येतात हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, तक्रार केली तर औषध बंद करतील आणि गाठ परत येईल. मी "होतं तसं" म्हटल्यावर तिची खात्रीच झाली की सांगण्यासारखं काही नाही. नवव्या डोसच्या वेळी ब्लाउजची हुकं लावता येईनात, तेव्हा मुलीने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी एक डोस पुढे ढकलला आणि मात्रा कमी केली. बधिरपणा टाळण्याचं खात्रीचं औषध आजही नाही. तो लवकर सांगणं आणि डॉक्टरांनी मात्रेचा विचार करणं, हाच काय तो उपाय. पाचव्या डोसला मी एवढंच म्हणायला हवं होतं, "आजच डॉक्टरांना सांग." मधले चार आठवडे माझ्या खात्यावर आहेत. त्याने किती फरक पडला असता हे तीही विचारत नाही, मीही सांगू शकत नाही.

तिने मला विचारलेला दुसरा प्रश्न, "परत येईल का?" धाग्याचं टोक वाळलं तरी कमरेशी पेशी जिवंत असेल तर तो पुन्हा वाढू शकतो, दिवसाला मिलिमीटरभर, फार तर. बऱ्याच जणांना काही महिन्यांत पुष्कळ बरं वाटतं, काहींचा बधिरपणा राहतो. हिच्या हातांना आता बरंच कळतं. पायांच्या पुढच्या बोटांना अजून नाही. ती रात्री झोपण्यापूर्वी तळवे आरशात बघते, घरातही चपला घालते, आंघोळीचं पाणी कोपराने तपासते. मधुमेह असलेल्यांनीही हे तिच्याकडून शिकून जा.

काल सकाळी दारातली रांगोळी तिने काढली. पंधरा ते आठ ठिपक्यांची. मी शेजारी बसून होते. पूर्वी ती गप्पा मारत, इकडे तिकडे बघत काढायची. आता नजर चिमटीवरून हलत नाही, कारण रांगोळी सुटते आहे की नाही हे बोटांनी नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. तिसऱ्या ओळीत एक ठिपका जास्त पडला आहे. बाईंनी तो लगेच ओळखला, आणि तिने तो पुसू दिला नाही.

माझी वीस मिनिटं कधीच संपली. चहा आला आहे, पण आधी प्रश्न घेऊ. पहिला हिचा. तिचा नंबर दोन वर्षांपासून लागलेला आहे.